अर्ध्या इंचाचा पाना

इंग्लंडहून आलेलं पार्सल मी मंडईत, आमच्या गाळ्यावरच उघडलं. बटाट्याच्या पोत्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि मेथीच्या जुड्या सोडवायच्या चाकूनं चिकटपट्टी कापली. आत मुठीत मावेल एवढा पितळी ठोकळा होता. एक आडवं आरपार भोक, वरून आत उतरणारे आटे. आमच्या स्टँडर्ड हेरल्डच्या पुढच्या चाकाचा हा भाग. त्याला ट्रनियन म्हणतात, आमचे मिस्त्री टर्नियन म्हणायचे. खोक्यावरच्या चिठ्ठीत हा भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो ते लिहिलं होतं: ट्रायम्फ हेरल्ड, व्हिटेस, स्पिटफायर, जीटी सिक्स.

स्पिटफायर हे नाव मी दोनदा वाचलं. दोन माणसांची, बसकी, छत उघडणारी ती इंग्रजी स्पोर्ट्स कार मी फक्त चित्रात पाहिलेली. ज्या गाडीच्या डिकीतून माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चाकणचे कांदे आणले, जिच्या मागच्या सीटवर मी शाळेचा गृहपाठ केला, ती या स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण निघाली. त्या दिवसापासून मी दोघींचा इतिहास शोधत गेले. आज जुन्या गाड्या जमवणाऱ्यांची संख्या वाढते आहे, हेरल्डलाही भाव येऊ लागला आहे. अशा वेळी या गाडीत नेमकं जपण्यासारखं काय आहे, हे मला सांगायचं आहे.

आमचं घर पुण्याच्या शुक्रवार पेठेत, मंडईच्या हाकेच्या अंतरावर. मंडईची दगडी इमारत १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. वासुदेव बापूजी कानिटकरांनी मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेल्या ओवऱ्या अशी ही वास्तू उभी केली आणि तेव्हाच्या गव्हर्नरवरून तिचं नाव पडलं ‘रे मार्केट’. एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत जोतीराव फुले सांगत होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच वास्तूला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. या मनोऱ्याभोवतीचे रस्ते बैलगाडीच्या आणि हातगाडीच्या मापाचे. जिलब्या मारुतीकडून तुळशीबागेकडे, बुरूड आळीतून बोहरी आळीकडे जाताना दोन माणसं डोक्यावर पाट्या घेऊन समोरासमोर आली की एकाला थांबावंच लागतं.

आबांनी १९७१ साली जुनी हेरल्ड घेतली ती याच रस्त्यांमुळे. गाडी १९६६ची, दोन दारांची, फिकट निळी. काळ्या पाटीवर पांढरे आकडे. कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे ती होती. आबा तेव्हा चाकण, मंचर, सातगाव पठार असे फिरून कांदा-बटाट्याचे सौदे करायचे. त्यांच्या बरोबरीच्या व्यापाऱ्यांनी फियाट किंवा अँबॅसडर घेतली होती. आबांनी मात्र हेरल्ड घेण्याआधी एकच परीक्षा केली. भल्या पहाटे गाडी मंडईसमोर आणली, स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि एका दमात गाडी उलटी फिरवली. अँबॅसडरला तिथे दोनदा मागेपुढे करावं लागे. “चाक बघ कसं आडवं होतंय,” आबा मला म्हणाले, “ही आपल्या गल्लीची गाडी.” मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

हेरल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. लंडनच्या टॅक्सीची ख्याती याच वळण्यासाठी आहे, आणि हेरल्ड काढणाऱ्या कंपनीनं आपल्या गाडीची जाहिरात करताना हा गुण आवर्जून पुढे केला. पण गाडी अशी का झाली हे समजण्यासाठी कॉव्हेंट्री या इंग्लंडमधल्या गावी जावं लागतं.

ट्रायम्फची सुरुवात सायकलींपासून झाली. न्यूरेंबर्गचा सिगफ्रीड बेटमान हा जर्मन तरुण इंग्लंडमध्ये आला, सायकलींचा व्यापार करू लागला आणि मग कॉव्हेंट्रीत कारखाना काढून बसला. सायकलीमागून मोटारसायकली आल्या, १९२३ पासून मोटारी. कंपनी डबघाईला आली आणि १९४४ साली त्याच गावच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं ती विकत घेतली. स्टँडर्डच्या मालकांना एक सल होता. त्यांनी पूर्वी जॅग्वारला इंजिनं पुरवली होती, आणि जॅग्वार आता स्वतःच्या नावावर स्पोर्ट्स कार विकून जगभर गाजत होती. आपलीही एक असावी या ईर्ष्येतून १९५३ साली ट्रायम्फची टीआर टू आली. तिचं १९९१ सीसीचं इंजिन मुळात स्टँडर्ड व्हॅनगार्ड या घरगुती गाडीच्या इंजिनाचं भावंड होतं. साध्या गाडीचे भाग घ्यायचे, वर हलकं आणि देखणं अंग चढवायचं आणि तरुणांना परवडेल अशा भावात वेगवान गाडी द्यायची, हीच त्या काळच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची रीत होती. एमजीनं तेच केलं, ट्रायम्फनंही तेच.

हेरल्डचा जन्म एका अडचणीतून झाला. फिशर अँड लडलो ही कंपनी स्टँडर्डसाठी मोटारींची अंगं बनवायची. १९५३ साली ती प्रतिस्पर्धी बीएमसीनं विकत घेतली. आता नव्या गाडीचं एकसंध अंग ठोकून देणारं कोणी उरलं नाही. तेव्हा मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर आणि त्यांच्या लोकांनी काळाच्या उलट दिशेनं पाऊल टाकलं. खाली वेगळी चासी ठेवायची आणि अंग लहान लहान तुकड्यांत निरनिराळ्या कारखान्यांकडून करून घेऊन बोल्टांनी जोडायचं. गाडीचं कारखान्यातलं गुप्त नाव होतं ‘झोबो’. गाय आणि याक यांच्या संकरातून होणाऱ्या हिमालयातल्या जनावराचं हे नाव. रेखाटन केलं तूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये ही गाडी लोकांपुढे आली.

बोल्टांनी जोडलेली गाडी खोक्यांत भरून परदेशी पाठवायलाही सोपी असते. आपल्याकडे ती आली ती त्याच सोयीनं. परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारनं १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद केली. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांना इथे गाडी बनवायची नव्हती, नुसती जोडायची होती, त्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. मोटारी काढणाऱ्या मुख्य कंपन्या तीन राहिल्या: उत्तरपाड्याची हिंदुस्तान, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स. स्टँडर्डचा कारखाना मद्रासबाहेर वंडलूरला होता. तिथे आधी व्हॅनगार्ड जोडली गेली, मग स्टँडर्ड टेन, आणि १९६१ पासून हेरल्ड. सुरुवातीला विलायतेचे भाग, मग हळूहळू इथले. ट्रायम्फ हे नाव आपल्याकडे लावलं नाही, म्हणून आम्ही तिला स्टँडर्ड हेरल्ड म्हणतो. पुण्यातल्या माणसाला तेव्हा एमजी किंवा जॅग्वार हवी असली, तरी नवी मिळण्याचा मार्ग नव्हता. ट्रायम्फच्या स्पोर्ट्स कारचं रक्त अंगात असलेली आणि दुकानात जाऊन विकत घेता येणारी गाडी म्हणजे हेरल्डच.

आता बहिणीची गोष्ट. हेरल्डची चासी वेगळी असल्यामुळे ती कापून लहान करता येत होती. मिकेलोत्तींनी त्या चासीवर दोन माणसांच्या गाडीचं अंग रेखाटलं, एक नमुनाही तयार झाला. पण स्टँडर्ड-ट्रायम्फचे पैसे संपले होते. नमुन्यावर कापड टाकून तो कारखान्याच्या कोपऱ्यात ढकलला गेला. १९६१ साली ट्रक बनवणाऱ्या लेलँडनं कंपनी विकत घेतली. नवे मालक कारखान्यात काय काय आहे ते पाहत फिरत असताना त्यांनी ते कापड उचललं, आणि गाडी काढायचं ठरलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात स्पिटफायर आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचं आकाश राखणाऱ्या लढाऊ विमानाचं नाव तिला दिलं होतं. हेरल्डच्या दोन चाकांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचं त्र्याऐंशी. इंजिन त्याच घराण्यातलं, ११४७ सीसीचं आणि ६३ अश्वशक्तीचं. पुढचं सगळं सस्पेन्शन हेरल्डचं. १९६५ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिल्या दोन आल्या त्या स्पिटफायरच. १९८० पर्यंत ही गाडी निघत राहिली, एकूण तीन लाखांहून अधिक.

आणि तो मुठीएवढा टर्नियन? लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी आपल्या एलान या नाजूक, हलक्या स्पोर्ट्स कारला पुढच्या चाकाशी ट्रायम्फचीच हीच रचना वापरली. मंडईतल्या बटाट्याच्या गाडीत आणि लोटसमध्ये चाक वळतं ते एकाच युक्तीनं.

ही युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. बहुतेक गाड्यांत पुढचं चाक बॉल जॉइंटवर फिरतं. हेरल्डमध्ये चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आटे पाडून त्या पितळी ठोकळ्यात फिरवून बसवलेला असतो. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत किंचित फिरतो, नट सैल-घट्ट व्हावा तसा. दोन्ही बाजूंचे आटे सारखे नसतात, एका बाजूचे उलटे असतात. या आट्यांना हवं तेल, गिअरबॉक्सला घालतात तसलं जाड नव्वद नंबरचं. ग्रीस चालत नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पावसाचं पाणी मात्र पोचतं. दांडा आतून गंजतो आणि एक दिवस आट्यांपाशीच तुटतो.

आमचे मिस्त्री नाना पेठेतले. मी त्यांना चाचा म्हणायची. हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, दोन्ही मडगार्डांसकट अख्खं उचललं जातं. गाडीचं तोंड उघडं पडतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. चाचा एका टायरवर बसायचे, दुसऱ्या टायरवर मी. माझ्या हातात बॅटरी आणि पान्यांची पिशवी. “बेटा, अर्ध्याचा दे,” ते म्हणायचे. अंगाचे बहुतेक बोल्ट अडीच सुती, त्यांच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानांत मिलिमीटरचे पाने आले होते, पण हेरल्डला ते लागायचे नाहीत. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टावर जरा सैल बसतो आणि जोर लावला की कोपरे खातो. दुपारच्या वेळी गाळ्यावर गर्दी नसली की मी बोहरी आळीत जाऊन इंची आट्यांचे बोल्ट निवडून आणायची. दुकानदार पसाभर बोल्ट तागडीत टाकायचा, मी एकेक नट फिरवून आटे जुळतात का ते पाहायची. तेरा वर्षांची असताना मला इंची आणि मिलिमीटरचे आटे बोटाच्या पेराला कळायचे. शाळेत मिळालेल्या कोणत्याही बक्षिसाहून मला त्याचा अधिक अभिमान आहे.

गाडीच्या खोडी आम्हाला पाठ होत्या. तुकडे जिथे जोडले आहेत तिथे रबराची पट्टी असते. ती वाळली की पावसाळ्यात पायाशी पाणी यायचं. चाचा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवायचे. सायकलींच्या शहरात ट्यूबला काय तोटा? मागच्या चाकांची गोष्ट वेगळी. मागे एक आडवा पाटा आणि दोन झुलते अर्धे आस. डिकीत माल भरला की चाकं खालून फाकायची, गाडी फेंगडी दिसायची. उलट मोकळ्या गाडीनं वळणावर वेगात असताना एकदम ब्रेक दाबला तर मागचा भाग उचलला जाऊन बाहेरचं चाक पोटाखाली जायला बघतं. म्हणून आबा कात्रजच्या घाटात वळणाच्या आधीच वेग कमी करायचे आणि वळणात ब्रेकला पाय लावायचे नाहीत. स्पिटफायरलाही हाच दोष होता. तिच्यावर १९७० साली इलाज केला तो पाट्याची बहुतेक पानं झुलती ठेवून. आपल्याकडे १९७२च्या सुमारास हेरल्डला नवा चेहरा देऊन स्टँडर्ड गॅझेल काढली तेव्हा मागे सरळ अखंड आस टाकला. भारतीय खड्डे आणि भारतीय मिस्त्री या दोघांनाही तो मानवणारा होता. एकाच दोषावर कॉव्हेंट्रीनं एक उत्तर काढलं, मद्रासनं दुसरं. मोटारींच्या इतिहासात मद्रासचं उत्तरही लिहिलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याआधी, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासनं हेरल्डला चार दारंही दिली होती. इंग्लंडमध्ये चार दारांची हेरल्ड कधी विकली गेली नाही.

१९८४च्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा डावा दांडा तुटला. चाचा गावी गेले होते आणि आबांनी गाडी सर्व्हिसिंगला दुसरीकडे दिली होती. तिथे तेलाच्या जागी ग्रीस भरलं गेलं. पुढे काही महिन्यांनी जिलब्या मारुतीपाशी, माणसाच्या चालीनं गाडी वळत असताना चाक आतल्या आत दुमडलं आणि गाडीनं नाक टेकलं. वेग नव्हता म्हणून सगळे वाचले. टोपल्या बाजूला ठेवून चार हमालांनी गाडी उचलून कडेला ठेवली.

स्टँडर्डनं हेरल्ड बंद करून बारा-तेरा वर्षं झाली होती, १९७७ साली गॅझेलही थांबली होती. सुटे भाग मिळेनात. चाचा परतल्यावर आम्ही दोघं सलग तीन रविवार जुन्या बाजारात फिरलो. तिसऱ्या रविवारी एका भंगारात निघालेल्या हेरल्डचा दांडा मिळाला, पण त्याच्यासोबतचा टर्नियन झिजून गुळगुळीत झाला होता. मग चाचांनी गनमेटलचा एक ठोकळा पैदा केला आणि आम्ही रास्ता पेठेत एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांनी दांडा हातात धरून आट्यांवरून नख फिरवलं. “उलटे आहेत,” ते म्हणाले. बोलले एवढंच. नकाशा नव्हता, मापाचा कागद नव्हता. दिवसभर त्यांनी तो ठोकळा कातला, दर थोड्या वेळानं दांडा फिरवून पाहिला, परत काढला, परत कातला. संध्याकाळी दांडा त्यात असा फिरला की खुळखुळ नाही आणि अडकणंही नाही. चाचांनी तेल भरलं, बाहेर आलेला थेंब बोटानं पुसला आणि मामांकडे बघून मान हलवली. तो टर्नियन पुढे कित्येक वर्षं चालला.

आबा गेल्यावर गाडी बरीच वर्षं उभी राहिली. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जिची नोंदणी आधीच आहे तिचा नंबर तसाच राहतो, नव्यानं नोंदवायची असेल तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. पाठोपाठ २०२५ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीचाही रस्ता मोकळा झाला. पूर्वी १९५०च्या आधीच्याच गाड्या आणता येत. म्हणजे साठच्या दशकातली स्पिटफायर आता आपल्याकडे येऊ शकते. मी गाडी पुन्हा चालती करायचं ठरवलं आणि जुन्या गाड्या जमवणाऱ्या लोकांच्या जगात पाऊल टाकलं.

त्या जगाचे हिशेब शिकण्यासारखे आहेत. जॅग्वारची ई-टाइप १९६१ साली जिनिव्हात आली. सत्तर हजारांच्या वर निघाल्या, आणि तरी सुरुवातीच्या चांगल्या गाडीला आज एक लाख पौंडांच्या वर पडतात. कारण ती पाहताक्षणी माणूस थांबतो, आणि दुरुस्तीचा खर्चही तसाच राजेशाही. स्पिटफायर तिच्या कितीतरी खाली, ब्रिटिश स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या आवाक्यातली. गाड्या भरपूर निघाल्या, भरपूर उरल्या, आणि लोखंडाच्या पत्र्यापासून रबराच्या पट्टीपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. इंग्लंडमध्ये १९७७ पासून हेरल्ड, व्हिटेस, स्पिटफायर आणि जीटी सिक्स या चारही गाड्यांचा एकच क्लब आहे. माझ्या पार्सलावरची चार नावं तीच. तिथे किंमत ठरते ती गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिली आहे का यावर. इंजिनाचा नंबर कागदांशी जुळतो का, रंग मूळचा आहे का, बोल्टसुद्धा त्या वर्षीचे आहेत का.

हे निकष आता आपल्याकडे जसेच्या तसे येत आहेत आणि मला त्याची काळजी वाटते. माझ्या ओळखीत एका उत्साही तरुणानं हेरल्ड घेतली, पूर्ण खोलली आणि जे जे इंग्लंडहून आलं नव्हतं ते ते भंगारात दिलं. इथल्या कासारानं जोडलेला रेडिएटर, इथे कातलेले बुश, इथे ठोकलेला सायलेन्सर, सगळं गेलं. गाडी चकचकीत झाली, बक्षिसंही मिळतील. पण तिच्या पन्नास वर्षांच्या आयुष्याची वही फाडून टाकली गेली. इंग्लंडमधली हेरल्ड इंग्लंडमध्येच जगली, तिला दुकानातून भाग मिळत गेले. आपली हेरल्ड तिचं उत्पादन बंद झाल्यावर चाळीस-पन्नास वर्षं जगली ती नाना पेठ, बोहरी आळी आणि जुना बाजार यांच्या जोरावर. इंग्लंडच्या हेरल्डमध्ये हे सापडायचं नाही.

मद्रासच्या कारखान्याचं काय झालं ते या संदर्भात लक्षात ठेवावं. १९८५ साली स्टँडर्डनं रोव्हरच्या गाडीवर बेतलेली स्टँडर्ड २००० काढली. आत तेच व्हॅनगार्डच्या घराण्यातलं १९९१ सीसीचं म्हातारं इंजिन होतं. गाडी चालली नाही, १९८८ मध्ये कारखाना थांबला. पुढे गोदामात पडून असलेले रोव्हरचे नवे कोरे भाग एका ब्रिटिश व्यापाऱ्यानं घाऊक विकत घेऊन मायदेशी नेले, तिथल्या हौशी लोकांना विकायला. आपण ज्याला भंगार म्हणालो त्याची किंमत त्यांना कळत होती. दुसरीकडे जॅग्वार कंपनी २००८ मध्ये टाटांनी घेतली आणि तिच्या गाड्या पुण्यात जोडल्या गेल्या. चाकणच्या कांद्याच्या बाजाराभोवती आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. एवढं मोटारीचं काम करणाऱ्या या शहराला आपल्या लेथवाल्यांचा आणि मिस्त्रींचा इतिहास मात्र लिहावासा वाटलेला नाही.

मी इंग्लंडचा टर्नियन बसवला. चाक आणि ब्रेक यांच्या बाबतीत भावनेला जागा नाही. माझी नात त्या गाडीत बसते. मामांचा टर्नियन काढला तेव्हा तो आतून अजून तेलकट होता, आट्यांवर चकाकी होती. नव्याच्या शेजारी ठेवून मी दोन्ही पाहिले. विलायतेचा साच्यातून आलेला, गुळगुळीत. मामांच्या ठोकळ्यावर हत्याराच्या बारीक रेघा आणि एका कडेला पंचनं उठवलेली बाणाची खूण, पुढची बाजू कळावी म्हणून. मी तो भंगारात दिला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, अँबॅसडरचं कापून बसवलेलं एक नळकांडं आणि हा टर्नियन असे सगळे बदललेले भाग ठेवले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी: कुठला, कधी बसवला, कशाचा केला, कोणी केला. गाडीच्या कागदांबरोबर हा डबा पुढच्या मालकाकडे जाईल. ज्यांच्याकडे हेरल्ड, गॅझेल किंवा अशी कुठलीही गाडी आहे त्यांनी असा एक डबा ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. नवा भाग खुशाल लावा, जुना फेकू नका.

टर्नियनच्या चिठ्ठीवर मी लिहिलं आहे: पुढचं डावं चाक. गनमेटल. उलटे आटे. रास्ता पेठ, पुणे, १९८४. कातला मामांनी.

मामांचं पूर्ण नाव आम्ही कधी विचारलंच नाही. चाचा आता नाहीत. रास्ता पेठेत जाऊन आले, त्या शेडच्या जागी चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. मामांच्या शब्दापुढे एक ओळ मी कोरी सोडली आहे. १९८४च्या आसपास रास्ता पेठेत लेथवर काम करणाऱ्या, नख फिरवून आटे ओळखणाऱ्या मामांना ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी मंडईत यावं आणि कांदा-बटाट्याच्या ओळीत हेरल्डवाल्या बाईंचा गाळा विचारावा. पेन डब्यातच ठेवलं आहे.